रविवारचं प्रवचन चर्चच्या दाराबाहेर

फादरांनी रविवारच्या मिस्सेतलं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य सामूहिक उपासनेतलं, प्रवचन ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावं की नाही, हा विषय आमच्या वसईत निघाला की बघता बघता दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं असं की काळ बदलला, माणसं मोबाईलवर आहेत, तर देवाचा शब्दही तिथं गेला पाहिजे. दुसरी बाजू म्हणते, पलंगावर पडून प्रवचन ऐकायला मिळालं तर सकाळच्या मिस्सेला कोण उठून येणार? दोन्ही बाजू तळमळीनं बोलतात, पण दोघीही डोकीच मोजत असतात. एकीला संदेश किती जणांपर्यंत गेला ते मोजायचंय, दुसरीला बाक किती भरले ते. प्रवचन कोणी कोणाला उद्देशून केलेलं असतं, आणि ज्यांना उद्देशून केलं त्यांच्यातल्या ज्यांच्या कानी ते पडलंच नाही त्यांचं काय, हे प्रश्न मात्र तसेच राहून जातात.

माझी भूमिका आधीच सांगतो. प्रवचन ध्वनिमुद्रित करावं आणि पाठवावं. दर रविवारी, पूर्ण, कुठंही न कापता. पण पाठवायचं ते आल्तारापाशी, म्हणजे चर्चमधल्या वेदीपाशी, उभं राहून, समोर बसलेल्या माणसांना उद्देशून केलेलं प्रवचन. खोलीचं दार लावून मोबाईलपुढं बोललेलं आणि मागं बासरी लावलेलं ‘चिंतन’ ही निराळी गोष्ट आहे. तिला माझा विरोध नाही, पण तिला रविवारचं प्रवचन म्हणू नये. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच हा वाद भरकटतो. बाजू घेणारे पहिलीचं नाव घेऊन दुसरीची भलामण करतात, आणि विरोध करणारे दुसरीचे दोष दाखवून पहिलीला दार बंद करतात.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा उपासनेचा आहे, आणि तो वरवरचा नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथोलिक बिशपांच्या सभेनं, 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीचा जो दस्तऐवज मंजूर केला, त्यात प्रवचन हा उपासनेचाच भाग मानला गेला आणि रविवारी व आज्ञेच्या (मिस्सेला जाणं बंधनकारक असलेल्या) सणांना लोकांसह होणाऱ्या मिस्सेत ते गंभीर कारणाशिवाय गाळू नये असं बजावलं गेलं. 1983 च्या कॅथोलिक धर्मसंहितेनं तोच नियम कायम ठेवला आणि असं प्रवचन करण्याचा अधिकार धर्मगुरू व डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक) यांच्यापुरता राखून ठेवला. शुभवर्तमानाचं, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राचं, वाचन संपतं, प्रवचन होतं, मग सगळे उभे राहून श्रद्धेचा अंगीकार म्हणतात आणि पुढं भाकर व द्राक्षारस आल्तारावर येतो. या ओघातून मधलाच तुकडा उचलला तर हाती काय राहतं? एक भाषण. करोनाच्या काळात हे आपण अनुभवलं. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं मार्च 2020 मध्ये बंद झाली ती 16 नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली; पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली ती थेट 7 ऑक्टोबर 2021 ला उघडली. त्या महिन्यांत चहाचा कप हातात धरून मिस्सा ‘बघायची’ सवय अनेक घरांत शिरली. व्हॅटिकनच्या उपासनेविषयक खात्याचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी ऑगस्ट 2020 मध्ये जगभरच्या बिशप परिषदांना पत्र लिहून सांगितलं की कोणतंही प्रक्षेपण प्रत्यक्ष सहभागाची जागा घेऊ शकत नाही. मला हे शब्दशः मान्य आहे. ध्वनिफीत ऐकल्यानं रविवारचं कर्तव्य पुरं होत नाही, आणि तसं सुचवणारा एक शब्दही तिच्यासोबत जाऊ नये.

पण यावरून ध्वनिफीत पाठवूच नये, हा निष्कर्ष कसा निघतो? उपासनेविषयीच्या त्याच दस्तऐवजात नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवरून होणाऱ्या प्रक्षेपणाबद्दल एक कलम आहे. ते प्रक्षेपण विवेकानं आणि प्रतिष्ठा राखून व्हावं, बिशपांनी नेमलेल्या योग्य व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावं, असं ते सांगतं. म्हणजे परिषदेनं अट घातली, बंदी नाही. आणि त्याच दिवशी, 4 डिसेंबरलाच, संपर्कमाध्यमांविषयीचा स्वतंत्र आदेशही तिनं संमत केला. आपण त्याहून मागं जाऊ. इ.स. 155 च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन यांनी ख्रिस्ती लोकांच्या रविवारचं वर्णन लिहून ठेवलं. सगळे एकत्र जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तितके वाचले जातात, मग अध्यक्ष बोध करतो, प्रार्थना होते, भाकर वाटली जाते, आणि जे हजर नाहीत त्यांच्याकडे डीकनांच्या हाती वाटा पाठवला जातो. रविवारच्या उपासनेच्या इतक्या जुन्या वर्णनातही गैरहजर माणसाची दखल आहे. तो आला नाही म्हणून त्याचा रविवार संपला, असं तिथं कोणी मानत नाही. आजही अंथरुणाला खिळलेल्यांना घरी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली आल्तारावरची भाकर, नेऊन दिलं जातं. त्यामुळे चर्च रिकामं पडतं असं कोणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. ख्रिस्तशरीर दारापर्यंत जाऊ शकतं, तर त्याच मिस्सेत उलगडून सांगितलेला शब्द का जाऊ नये?

आता हे गैरहजर लोक कोण ते पाहू, कारण वादात त्यांच्याविषयी बोलताना ‘आळशी’ हा एकच शब्द वापरला जातो. रात्रपाळी करून रविवारी सकाळी विरारच्या गाडीतून उतरणारी नर्स आळशी नाही. महिनोन्महिने जहाजावर असणारा, बंदर लागेल तेव्हाच चर्चचं तोंड पाहणारा खलाशी आळशी नाही. कुवेतमध्ये राहणाऱ्या वसईकराची तऱ्हा आणखी वेगळी. तिथं सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारची मिस्सा लोक शुक्रवारीच ऐकतात, आणि बहुतेक वेळा इंग्रजीत किंवा दुसऱ्या कुठल्या भाषेत. त्याला मिस्सा मिळते, मराठी प्रवचन मिळत नाही. आणि ज्यांचा विचार या वादात सहसा होतच नाही असेही लोक आहेत: चर्चमध्ये हजर असूनही प्रवचन न मिळालेले. रडणारं मूल कडेवर घेऊन व्हरांड्यात येरझारा घालणाऱ्या आईचं शुभवर्तमानानंतरचं एकही वाक्य धड ऐकून होत नाही. आमच्या उंच छताच्या जुन्या चर्चमध्ये ध्वनिक्षेपकाचा आवाज घुमतो, वर पंखे घरघरतात, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पाचव्या बाकावर बसूनही फक्त हेलकावे ऐकू येतात. ही माणसं मिस्सा चुकवत नाहीत. त्यांचा प्रवचनावरचा हक्क दर रविवारी बुडतो, आणि तो भरून देणं एका साध्या मोबाईलला जमण्याजोगं आहे. चर्चला येऊनही ज्यांना काही मिळत नाही त्यांना तसंच ठेवून आपण बाकांचं रक्षण करतो आहोत, यात कसली भक्ती?

बोललेला शब्द टिपून ठेवण्याची भीती आजची नाही. तिसऱ्या शतकातले थोर धर्मपंडित ओरिजेन यांच्याविषयी इतिहासकार युसेबियस सांगतो की आपली प्रवचनं लघुलेखकांनी उतरवून घ्यावीत याला त्यांनी आयुष्यभर परवानगी दिली नाही. दिली ती साठी उलटल्यावर. कारण युसेबियसच देतो: दीर्घ सरावानं तेव्हा त्यांच्या हाती पुरेशी सिद्धता आली होती. टिपलं जाणारं बोलणं अधिक तयारीचं हवं, याची जाणीव त्या माणसाला होती. दीडशे वर्षांनी उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहरात बिशप ऑगस्टीन बोलू लागले की लघुलेखक लिहून घेत. त्यामुळे आज त्यांची पाचशेहून अधिक प्रवचनं आपल्याजवळ आहेत. ती वाचताना मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांतली गर्दी. लोक मध्येच दाद देतात, बिशप त्यांना थांबवतात, तुम्ही उभे राहून दमलात म्हणतात, आपला आवाज बसल्याचं सांगतात. सोळा शतकांनंतरही ते प्रवचन कोणातरी माणसांना केलेलं आहे हे लपत नाही. लघुलेखकानं उपासनेतून तुकडा तोडला नाही, समोरच्या माणसांसकट उचलला. आमच्या ध्वनिफितीत एखादं मूल रडलं, कोणी खोकलं, बाहेरून रिक्षाचा भोंगा आला, तर तो दोष मानून पुसून टाकण्याची काहीच गरज नाही.

आपल्याच मातीतला दाखला घ्यायचा तर तो ‘ख्रिस्तपुराणा’चा. फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट (येशूसंघी) धर्मगुरूचं हे ओवीबद्ध मराठी काव्य 1616 मध्ये गोव्यातल्या राशोलला रोमन लिपीत छापलं गेलं. काव्याच्या सुरुवातीलाच गोव्यातल्या साष्टीतल्या एका नवख्रिस्ती ब्राह्मणाची मागणी येते: आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आमच्या भाषेत वाचायला, ऐकायला दोत्रिनीपलीकडचं (धर्मशिक्षणाच्या पाठांपलीकडचं) काहीतरी द्या. ही मागणी फादरांच्या मनात आपोआप उगवली नव्हती, समोरच्या माणसानं ती तोंडावर केली होती. आणि जे हाती आलं ते पुढं पाद्रीबाबा जवळ नसतानाही घरोघरी म्हटलं, ऐकलं गेलं. शब्द धर्मगुरूच्या तोंडून सुटून लोकांच्या तोंडी गेला म्हणून धर्मगुरूचं महत्त्व कमी झालं का? उलट, धर्मगुरू दुर्मीळ झाले तेव्हा अशाच गोष्टींनी माणसं धरून ठेवली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर पाद्रीही मोठ्या संख्येनं गेले, तरी इथला ख्रिस्ती शेतकरी ख्रिस्तीच राहिला. पाठ केलेल्या प्रार्थना आणि गाणी त्याच्या घरात होती म्हणूनच ना?

दुसरा आक्षेप मला पहिल्याहून जास्त सतावतो. आवाज एकदा चर्चबाहेर पडला की तो आपल्या लोकांचा राहत नाही, त्याला आपला श्रोतृवर्ग सापडतो, आणि मग बोलणारा त्या श्रोतृवर्गासाठी बोलू लागतो. ही भीती कल्पनेतली नाही. अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओक गावात चार्ल्स कॉफलिन नावाचे फादर होते. 1926 मध्ये त्यांनी नभोवाणीवरून बोलायला सुरुवात केली, तीही मुलांसाठी धर्मशिक्षण देत. काही वर्षांतच त्यांचे श्रोते कोट्यवधी झाले. विषय धर्मावरून बँकांवर, बँकांवरून राजकारणावर आणि शेवटी ज्यूद्वेषावर गेला. नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि दुकानं जाळली गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांत या फादरांनी नभोवाणीवरून त्या हिंसेचं एक प्रकारे समर्थन केलं. त्यांच्या आधीच्या बिशपांनी त्यांना पाठीशी घातलं होतं. पुढच्या आर्चबिशपांनी 1942 मध्ये त्यांचं तोंड बंद केलं, पण तोवर विष पसरलं होतं. ध्वनिफितीला विरोध करणाऱ्यांनी हे उदाहरण द्यायला हवं. ते देत नाहीत, म्हणून मीच देतो.

पण कॉफलिन बोलत होते ते काय होतं? ते रविवारच्या मिस्सेतलं प्रवचन नव्हतं. शुभवर्तमान वाचून त्यावर आपल्या पॅरिशच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या, माणसांना केलेला बोध नव्हता. ध्वनिक्षेपकासमोर बसून अदृश्य देशाला उद्देशून केलेलं भाषण होतं ते. समोर कोणी कपाळाला आठी घालणारं नव्हतं, बाहेर पडताना ‘फादर, हे बरोबर नाही’ म्हणणारं नव्हतं. ज्याच्या मयताला जायचंय, ज्याच्या पोराचा बाप्तिस्मा करायचाय, त्या माणसाच्या डोळ्यांत पाहून ज्यूंविषयी किंवा आणखी कोणाविषयी असं बोलणं सोपं नसतं. अशक्य असतं असं मी म्हणणार नाही. आल्तारापाशी उभं राहूनही माणसं वाईट बोललेली आहेत. तरी समोरच्या माणसांचा एक अंकुश असतो, आणि तो अंकुश आत घेऊनच ध्वनिमुद्रण व्हावं हा माझा आग्रह आहे.

याची दुसरी बाजू मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये दिसते. 1977 च्या फेब्रुवारीत ऑस्कर रोमेरो सान साल्वादोरचे आर्चबिशप झाले. तीन आठवड्यांत त्यांचे मित्र फादर रुतिलियो ग्रांदे यांना रस्त्यात गोळ्या घातल्या गेल्या. पुढच्या रविवारी, 20 मार्चला, रोमेरोंनी आर्चडायोसिसमधल्या, म्हणजे आपल्या अधिकारातल्या धर्मप्रांतातल्या, बाकी सगळ्या मिस्सा रद्द करून कॅथीड्रलमध्ये एकच मिस्सा ठेवली. यानंतरची तीन वर्षं त्यांची रविवारची प्रवचनं वायएसएएक्स या आर्चडायोसिसच्याच नभोवाणी केंद्रावरून देशभर जात. प्रवचनं लांबत, कधी तास, कधी त्याहून जास्त. आजच्या कसोटीला ती उतरणार नाहीत. पण त्यांचा साचा बघा. आधी त्या रविवारची वाचनं, त्यांचा अर्थ, आणि मग त्या आठवड्यात कोण मारलं गेलं, कोण गायब झालं, नावानिशी. वर्तमानपत्रं गप्प होती तेव्हा मारल्या गेलेल्या शेतकऱ्याचं नाव या प्रवचनातून कळे. केंद्रावर बॉम्ब टाकले गेले, ते पुन्हा उभं केलं गेलं. 23 मार्च 1980 च्या रविवारी त्यांनी सैनिकांना थेट उद्देशून सांगितलं की देवाच्या नावानं तुम्हाला आज्ञा करतो, हे दमन थांबवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्सा करताना त्यांना गोळी घातली. ही प्रवचनं ध्वनिफितींवर होती म्हणून ती उतरवून छापता आली, म्हणून 2018 मध्ये ते संत घोषित झाले तेव्हा हा माणूस खरोखर काय बोलला होता याबद्दल कोणाला ऐकीव गोष्टींवर अवलंबून राहावं लागलं नाही. ‘प्रवचन फक्त हजर असलेल्यांसाठी’ हा नियम सान साल्वादोरमध्ये लावला असता, तर डोंगरातल्या गावांच्या वाट्याला काय आलं असतं? कॉफलिन आणि रोमेरो दोघांचाही आवाज लहरींवरून गेला. रोमेरोंच्या मागं मिस्सेला जमलेले लोक होते, कॉफलिनच्या मागं स्टुडिओ होता. फरक इथं आहे.

तिसरी हरकत धर्मगुरू स्वतः घेतात, बहुधा हळू आवाजात. आजचे दिवस बरे नाहीत. दहा मिनिटांच्या बोलण्यातलं अर्धं वाक्य कापून कोणी पसरवलं तर? कितीतरी राज्यांत धर्मांतरविरोधी कायदे आहेत. ओडिशानं तो 1967 मध्ये केला, मध्य प्रदेशनं 1968 मध्ये, आणि अलीकडं त्यांत भर पडत गेली आहे. निवडणुकीच्या दिवसांत धर्माच्या नावानं मत मागणं हा 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली निवडणुकीतला गैरप्रकार ठरतो, आणि 2 जानेवारी 2017 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या खंडपीठानं त्याचा अर्थ आणखी व्यापक केला. अशा हवेत फादर जपून बोलतील, आणि जपून बोललेलं प्रवचन कोणाच्या कामाचं? ही भीती खरी आहे, आणि तिला ‘घाबरता कशाला’ असं उत्तर देणारा माणूस फादरांच्या जागी उभा राहिलेला नसतो.

तरी एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. तिसऱ्या बाकावर बसलेल्या कोणाच्याही खिशात मोबाईल आहे. ज्याला तुकडा कापून पसरवायचा आहे तो कोणाची परवानगी मागणार नाही. फादरांनी ध्वनिमुद्रण बंद ठेवलं तर गावात फिरेल तो त्याचाच तुकडा, आणि त्याला उत्तर द्यायला पूर्ण प्रवचन कोणाजवळच नसेल. वसईच्या पाण्यावरून, जमिनीवरून आंदोलनं झाली, हरित वसईचा लढा उभा राहिला, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखे धर्मगुरू त्यात उघडपणे उतरले. वसईच्या ख्रिस्ती समाजाच्या ‘सुवार्ता’ मासिकात त्या काळात काय छापून आलं ते आज काढून दाखवता येतं. चर्चमध्ये काय बोललं गेलं याविषयी मात्र ज्याच्या त्याच्या आठवणी, आणि आठवणींवरून भांडण. छापलेल्या शब्दाला जे संरक्षण आहे ते बोललेल्या शब्दाला का नसावं?

बाक रिकामे पडतील या भीतीवर फार वेळ घालवण्याची गरज मला वाटत नाही. बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ कॅसेटमधून महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचला. आषाढीला पंढरीच्या वाटेवर माणसं कमी झाली का? आवाजानं ओढ लावली तर माणूस मूळ जागी जातो. ज्याला मिस्सा टाळायचीच आहे त्याला ध्वनिफितीचं निमित्त लागत नाही, पाऊसही पुरतो.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती उघड बोलली जात नाही. ध्वनिमुद्रण सुरू झालं की प्रवचनाची तयारी दिसू लागते. तयारी नसेल तर तेही दिसतं. गेल्या महिन्यातली गोष्ट पुन्हा आली, तेच उदाहरण तिसऱ्यांदा आलं, शुभवर्तमान एकीकडं आणि प्रवचन छपराच्या वर्गणीकडं गेलं, हे आज पायरीवर कुजबुजून विरून जातं. ध्वनिफितीत ते राहतं. पोप फ्रान्सिस यांनी 2013 च्या ‘एव्हांजेली गाउदियुम’ या बोधपत्रात प्रवचनाला पानंच्या पानं दिली. लोक ऐकताना आणि धर्मगुरू करताना, दोघेही प्रवचनानं त्रासतात हे त्यांनी मोकळेपणी मान्य केलं. तयारी न करणाऱ्या प्रवचनकाराविषयी तर ते म्हणतात की तो आध्यात्मिक नव्हे, मिळालेल्या देणग्यांबाबत अप्रामाणिक आणि बेजबाबदार आहे. जून 2024 मध्ये त्यांनी आठ मिनिटांची मर्यादा सांगितली, कारण पुढं लोक पेंगतात. इतकं कठोर बोलणारा माणूस धर्मगुरूंचा शत्रू नव्हता. माझंही म्हणणं धर्मगुरूंविरुद्ध नाही. शनिवारची लग्नं, मयतं, शाळेच्या मीटिंगा, रविवारी ओळीनं मिस्सा, यांत आठ चांगली मिनिटं उभी करणं किती कठीण आहे ते मी जवळून पाहतो. म्हणून हा भार एकट्या फादरांवर टाकून भाविकांनी मोकळं होऊ नये. पॅरिशच्या कौन्सिलनं शनिवारची दुपार फादरांची म्हणून राखून द्यावी, त्या वेळेत कोणी घराच्या भांडणाचा निवाडा मागायला जाऊ नये. उत्तरदायित्व मागायचं तर वेळही द्यावा लागतो. आणि ऐकणाऱ्यानं बोलायलाही शिकलं पाहिजे. ‘छान झालं, फादर’ एवढ्यानं कोणाचंही प्रवचन सुधारलेलं नाही. ‘क्षमेबद्दल बोललात, पण माझ्या भावानं जमीन बळकावली त्याचं काय करू’ असं कोणी विचारलं, तर पुढच्या रविवारी त्याचा परिणाम दिसतो.

करायचं कसं, यात गूढ काही नाही. चित्रफीत नको. कॅमेरा आला की चेहरा, झगा, फुलांची आरास सुरू होते, आणि आल्ताराकडं पाहणाऱ्या मुलांचे चेहरेही विनाकारण फिरतात. आवाज पुरे. ध्वनिक्षेपकाच्या यंत्रातून थेट घेतला तर घुमणं टळतं. ते जमत नसेल तर वाचनपीठावर फोन ठेवला तरी चालतं. आठ मिनिटांची ध्वनिफीत साध्या दर्जात चार एमबीच्या आत बसते, बोटीवरच्या महागड्या इंटरनेटवरही ती उतरते. शुभवर्तमानाच्या वाचनापासून सुरुवात करावी, म्हणजे प्रवचन कशावर आहे ते ऐकणाऱ्याला कळेल आणि तुकडा उपासनेपासून अगदीच सुटणार नाही. प्रवचनानंतरच्या सूचना, आजाऱ्यांची नावं, कोणाच्या घरचं दुःख, हे त्यात येऊ देऊ नये. ते जमलेल्या कुटुंबाचं आहे. ‘सर्वोत्तम प्रवचन’ निवडून पुढं ढकलण्याचा मोह टाळावा. ज्या रविवारी फादरांचं जमलं नाही त्या रविवारचंही जावं, कारण निवड सुरू झाली की स्पर्धा सुरू होते आणि स्पर्धेतून पुन्हा कॉफलिनच.

एक गोष्ट मात्र कौन्सिलनं पहिल्याच बैठकीत ठरवून टाकावी. ही ध्वनिफीत फादरांच्या स्वतःच्या नंबरवरून जाऊ नये. धर्मगुरूंची बदली होते; त्यांच्याबरोबर त्यांचा फोन जातो आणि फोनबरोबर सगळं प्रवचनही जातं. ती धर्मग्रामाच्या कार्यालयातून जावी आणि तिथंच, बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदवह्यांसारखी, रविवारचं नाव घालून ठेवली जावी. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं आहे. तेच शुभवर्तमान तीन वर्षांनी परत येईल तेव्हा कदाचित नवे फादर आलेले असतील. प्रवचनाला बसण्याआधी त्यांनी कार्यालयात जाऊन, या लोकांना याच ओळींवर मागच्या वेळी काय सांगितलं होतं आणि त्यातलं काय अजून व्हायचं राहिलंय, हे आठ मिनिटं ऐकावं.